ॲपवर क्रेडिट स्कोअर ७४२, तरी अपार्टमेंट नाकारलं, आता काय करू?

ताई, आम्ही मूळचे नाशिकचे. पाच वर्षं डॅलसच्या बाजूला होतो, आता नवऱ्याला न्यू जर्सीत जॉब मिळाला म्हणून जूनमध्ये इकडे आलो. तो एच-वन-बी व्हिसावर, मी एच-फोरवर (जोडीदाराच्या व्हिसावर), माझं ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, यावर्षीच आलंय. सध्या त्याच्या मित्राच्या बेसमेंटमध्ये राहतोय, सप्टेंबरमध्ये मुलीची शाळा सुरू होईल, त्याआधी एडिसन किंवा आयसेलिनला घर हवंय. एका कॉम्प्लेक्समध्ये २,८०० भाड्याचं टू-बेडरूम आवडलं, दोघांची मिळून १५० डॉलर ॲप्लिकेशन फी भरली आणि दोन दिवसांत 'डिक्लाइन्ड' असा मेसेज आला. लीझिंग ऑफिसमधली मुलगी म्हणते सिस्टिमने डिक्लाइन केलं, आम्हाला कारण दिसत नाही. नवऱ्याच्या ॲपवर स्कोअर ७४२ दाखवतंय! हप्ते वेळेवर, पगार चांगला. डॅलसजवळचं इर्विंगचं अपार्टमेंट गेल्या वर्षी लीज संपायच्या दोन महिने आधी सोडलं होतं पण ते तेव्हाच मिटलं. माझा भारतातला सिबिल ७९० आहे, तो दाखवून काही होईल का? एक घरमालक म्हणतो तीन महिन्यांचं डिपॉझिट दिलंत तर क्रेडिट बघणार नाही. ग्रुपवर कोणी म्हणतं ५०० डॉलर देऊन क्रेडिट रिपेअर करून घ्या, कोणी म्हणतं दर ॲप्लिकेशनला स्कोअर पडतो. रोज रात्री आमची यावरून वादावादी होते. काय करू?
— बेसमेंटमधून एक मैत्रीण

अगं, आधी एक काम कर, आज कुठेही नवीन ॲप्लिकेशन भरू नकोस. उद्याही नको. मला माहितीये शाळेची तारीख डोक्यावर आहे आणि दुसऱ्याच्या घरात लहान मुलीला घेऊन राहणं म्हणजे काय असतं, पोरीला जोरात हसायचीही चोरी होते, पण एका जागी ज्या कारणाने नाकारलं ते कारण न कळता दुसरीकडे पैसे भरलेस तर दुसरीकडेही तेच होणार, कारण बरीच कॉम्प्लेक्स त्याच दोनचार स्क्रीनिंग (भाडेकरू तपासणाऱ्या) कंपन्यांकडून रिपोर्ट घेतात. परत दीडशे डॉलर जातील आणि घरातला वाद वाढेल तो वेगळाच.

त्या लीझिंग ऑफिसच्या मुलीवर रागावू नकोस. बहुतेक ती खरंच बोलतेय. मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये तुमचा अर्ज स्क्रीनिंग कंपनीकडे जातो, ती कंपनी क्रेडिट, जुन्या भाड्याचा इतिहास, कोर्टातले रेकॉर्ड, पगार असं सगळं एकत्र करते आणि ऑफिसच्या स्क्रीनवर बऱ्याचदा फक्त पास, नापास किंवा 'अटींवर चालेल' एवढंच येतं. पण तिला कारण दिसत नाही म्हणून तुलाही ते कळू शकत नाही असं अजिबात नाही. अमेरिकेत १९७० पासून फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट नावाचा कायदा आहे, त्यात असं आहे की अशा रिपोर्टवरून कोणी तुम्हाला घर नाकारलं तर त्यांनी तुम्हाला 'ॲडव्हर्स ॲक्शन नोटीस' द्यावीच लागते आणि त्यात ज्या कंपनीचा रिपोर्ट बघितला तिचं नाव, पत्ता, फोन नंबर असावा लागतो. नुसतं नाकारलं तरच असं नाही, रिपोर्टमुळे जास्त डिपॉझिट मागितलं किंवा कोसायनर (जामीन राहणारा) आणा म्हटलं तरीसुद्धा. ही नोटीस बहुतेक ईमेलने येते आणि हमखास स्पॅम नाहीतर प्रमोशन्समध्ये जाऊन बसते. दोघांचेही ईमेल बघा, अर्ज दोघांच्या नावाने होता ना, तर नोटीस कदाचित दोघांना वेगवेगळी आली असेल. नसेल आलेली तर ऑफिसला दोन ओळींचा ईमेल टाक, की आम्हाला ॲडव्हर्स ॲक्शन नोटीस आणि स्क्रीनिंग कंपनीचं नाव-नंबर पाठवा. फोनवर नको मागूस, लेखी माग. नोटीस मिळाल्यापासून ६० दिवसांच्या आत त्या कंपनीकडे मागितलं तर त्यांनी जो रिपोर्ट वापरला तो तुला फुकट द्यावा लागतो. तो कागद हातात येईपर्यंत आपण सगळे नुसते अंदाज बांधतोय, तूही, मीही आणि तुझा ग्रुपही.

आता ७४२ चं. हा आकडा खोटा नाहीये, पण तो अख्खी गोष्ट सांगत नाही. इथे क्रेडिटची माहिती ठेवणाऱ्या मोठ्या तीन कंपन्या, इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि ट्रान्सयुनियन. तिघींकडे तुमची तीन वेगळी खाती असतात आणि ती सारखी असतातच असं नाही, कारण बँक किंवा वसुली कंपनी तिघींनाही कळवेलच अशी सक्ती नाही. नवरा जे ॲप वापरतो ते जर क्रेडिट कर्मा असेल तर त्यात फक्त ट्रान्सयुनियन आणि इक्विफॅक्स दिसतं आणि स्कोअरही व्हँटेजस्कोअर असतो, फायको नाही (या स्कोअर मोजायच्या दोन वेगळ्या पद्धती). म्हणजे एक्सपिरियनमध्ये काही वाईट पडलेलं असेल तर तुम्हाला ॲपवर सगळं हिरवंगार दिसत राहील आणि घरमालकाने नेमकं एक्सपिरियन काढलं की गोंधळ. शिवाय भाड्यासाठी वेगळेच स्कोअर असतात, ट्रान्सयुनियनचा रेसिडेंटस्कोअर नावाचा खास भाडेकरूंसाठीचा स्कोअर आहे आणि त्याची पट्टी ३५० ते ८५०, फायकोची ३०० ते ८५०. त्यामुळे आपल्या ॲपवरचा आकडा आणि त्यांच्या स्क्रीनवरचा आकडा जुळला पाहिजे ही अपेक्षाच सोडून दे. आकड्याच्या मागे धावू नकोस, रिपोर्टमध्ये ओळीओळीला काय लिहिलंय ते बघ, घर मिळणं न मिळणं बऱ्याचदा त्या एखाद्या ओळीवर ठरतं.

आणि मला वाटतं तुमची ती ओळ इर्विंगची आहे.

तुझ्या पत्रात ते वाक्य तू जाता जाता लिहिलंयस पण माझी नजर तिथेच अडकली. लीज दोन महिने आधी सोडली, 'तेव्हाच मिटलं'. मिटलं म्हणजे नक्की काय झालं? त्यांनी हिशोब शून्य झाल्याचं लेखी दिलं का? की चावी दिली, ऑफिसमधला माणूस 'ऑल सेट' म्हणाला आणि तुम्ही निघालात? टेक्सासमध्ये लीज मोडली की बहुतेक रीलेटिंग फी (जागा परत भाड्याने द्यायचा खर्च) लागते, वर कार्पेट, पेंट, साफसफाई, शेवटच्या महिन्याचं पाणी आणि ट्रॅश बिल, हे सगळं डिपॉझिटमधून वजा करून उरलेलं तुमच्या नावावर लागतं. त्याचं पत्र जुन्या पत्त्यावर जातं. तुम्ही तिथे नसताच. मग तो हिशोब कलेक्शन एजन्सीकडे, म्हणजे वसुली कंपनीकडे, जातो आणि ती एजन्सी कधी एकाच क्रेडिट कंपनीला कळवते, कधी तिन्हींना. सहासातशे डॉलरची गोष्ट असते पण भाड्याने देणाऱ्याच्या दृष्टीने 'आधीच्या अपार्टमेंटची थकबाकी' ही सगळ्यात वाईट नोंद, क्रेडिट कार्डाच्या एखाद्या उशिरा हप्त्याकडे ते दुर्लक्ष करतील पण याच्याकडे नाही, कित्येक कॉम्प्लेक्सच्या नियमातच असतं की जुन्या घरमालकाचं देणं बाकी असेल तर स्कोअर कितीही असो, नकार. शिवाय एक्सपिरियनचं रेंटब्युरो म्हणून खातं आहे, त्यात मोठ्या प्रॉपर्टी कंपन्या भाडं कोणी कधी भरलं याची माहिती थेट देतात.

तर असं काही निघालंच तर घाबरून लगेच पैसे भरून मोकळी होऊ नकोस. आधी हिशोब मागा. टेक्सासच्या कायद्याने घर सोडल्यावर ३० दिवसांत डिपॉझिट परत द्यायचं असतं आणि कापलं असेल तर कशासाठी कापलं त्याची यादी द्यायची असते, मात्र त्यासाठी भाडेकरूने नवीन पत्ता लेखी दिलेला असावा लागतो, तो तुम्ही दिला होता का ते जुन्या ईमेलमध्ये शोधा. दुसरं म्हणजे तिथल्या घरमालकाला जागा परत भाड्याने द्यायचा प्रयत्न करावाच लागतो, त्यांनी तुमच्यानंतर पंधरा दिवसांत दुसरं कुटुंब आणलं असेल तर उरलेल्या दीड महिन्याचं भाडं तुमच्याकडून मागता येत नाही. हे त्यांना विचारायचं, की युनिट परत कधी भाड्याने गेलं? आणि कलेक्शन एजन्सीचं पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी आक्षेप घेतला तर त्यांना आधी देणं खरं आहे हे दाखवावं लागतं, तोवर वसुली थांबवावी लागते.

हिशोब बरोबर निघाला, खरंच देणं आहे, तर मात्र भरून टाका. पण भरायच्या आधी लेखी घ्या की एवढ्या रकमेत संपूर्ण मिटेल आणि ते क्रेडिट कंपन्यांना तसं कळवतील. नोंद काढून टाकाल का म्हणून विचारायलाही हरकत नाही, काही एजन्सी काढतात, काही नाही म्हणतात. भरल्यावरचं 'पेड इन फुल' पत्र जपून ठेवा, कारण ते पत्र पुढच्या घरमालकाला दाखवायचंय. नोंद नुसती 'पेड' झाली तरी नवीन पद्धतीच्या स्कोअरमध्ये, म्हणजे फायको ९ आणि व्हँटेजस्कोअरमध्ये, भरलेलं कलेक्शन धरत नाहीत, जुन्या फायको ८ मध्ये मात्र धरतात आणि फायको ८ अजून भरपूर वापरात आहे. तरीही माणूस समोर बसून निर्णय घेणार असेल तर भरलेलं आणि न भरलेलं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

माझा अंदाज चुकीचाही असेल बरं का. म्हणून आज रात्री मुलगी झोपली की दोघांनी लॅपटॉप घेऊन बसा आणि ऍन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉम उघडा. पत्ता नीट टाईप करा, गुगलवर शोधून पहिल्या लिंकवर क्लिक नको, तिच्यासारख्या नावाच्या साईट्स आहेत ज्या फुकट म्हणून कार्ड नंबर घेतात. खऱ्या साईटला कार्ड लागतच नाही. पूर्वी वर्षातून एकदा मिळायचे, आता तिन्ही कंपन्यांचे रिपोर्ट दर आठवड्याला फुकट बघता येतात. नवऱ्याचे तीन, तुझे तीन, सहाही डाउनलोड करून ठेवा. यात स्कोअर नसतो, तो शोधत बसू नका. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर पडत नाही, शंभर वेळा बघा. ओळख पटवायला ते जुने पत्ते, जुनं कार लोन असे प्रश्न विचारतात, तुझं खातं नवीन असल्यामुळे तुझं ऑनलाईन कदाचित अडेल, मग त्याच साईटवरचा फॉर्म प्रिंट करून ओळखपत्राची आणि पत्त्याची कॉपी जोडून पोस्टाने पाठवावा लागतो, त्यात वेळ जातो म्हणून तो लगेच टाक.

रिपोर्ट उघडला की आपण सरळ खाली कर्जं बघायला जातो. तू सगळ्यात वरचा भाग आधी बघ, जिथे नाव आणि पत्ते असतात. आपल्या मराठी लोकांचा इथे फार घोळ असतो. पासपोर्टवर आपलं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दोन्ही मिळून 'गिव्हन नेम' मध्ये येतं, बँकेने मधलं नाव वेगळं केलेलं असतं, कार्डावर फक्त इनिशियल, लीजवर पूर्ण नाव, लग्नानंतर नाव-आडनाव बदललं असेल तर अजून एक, आणि रिपोर्टमध्ये एकाच माणसाची चार नावं खालीखाली दिसतात. हे चारही आपलेच असतील तर ठीक, पण त्यात एखादा पत्ता दिसला जिथे तुम्ही कधी राहिलाच नाहीत, फिनिक्समधला म्हण किंवा अटलांटातला, तर समज की दुसऱ्या कोणाची तरी माहिती तुमच्या खात्यात मिसळलीये. पाटील, जोशी, देशमुख, कुलकर्णी, आणि त्याच्या पुढे अमित किंवा सचिन किंवा स्नेहा, अशी माणसं एडिसन-आयसेलिन ज्यात येतं त्या एकट्या मिडलसेक्स काउंटीत किती निघतील विचार कर. स्क्रीनिंग कंपन्या कोर्टाचे रेकॉर्ड गोळा करतात तेव्हा नावावरून जुळवताना अशा चुका होतात आणि दुसऱ्याचं एव्हिक्शन, म्हणजे कोर्टातून घर खाली करायला लावल्याची नोंद, आपल्या माथी येतं. हे काही ऐकीव नाही, २०२३ मध्ये ट्रान्सयुनियनच्या भाडेकरू तपासणाऱ्या कंपनीवर एव्हिक्शनच्या चुकीच्या आणि अर्धवट नोंदींसाठी सरकारने कारवाई केली, दीड कोटी डॉलरवर प्रकरण मिटलं. आणि एव्हिक्शनच्या कोर्टकेसेस नेहमीच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये येत नाहीत, त्या फक्त स्क्रीनिंगच्या रिपोर्टमध्ये दिसतात, म्हणूनच तर म्हटलं की ॲडव्हर्स ॲक्शनवाला तो कागद मिळवल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

मग खाली ये. प्रत्येक कार्डाला महिन्यामहिन्याचे चौकोन असतात, सगळे 'ओके' असले पाहिजेत, कुठे ३० किंवा ६० लिहिलेलं असेल तर तेवढे दिवस उशीर झाल्याची नोंद आहे. कार्डाची लिमिट आणि बाकी बघा, तुम्ही शिफ्ट होताना फर्निचर, विमान, मूव्हर्स असं सगळं एकाच कार्डावर टाकलंय का? पाच हजारांच्या लिमिटवर साडेचार हजार दिसत असतील तर पूर्ण बिल दर महिन्याला भरत असलात तरी स्कोअर खाली येतो, कारण कार्ड कंपनी सहसा स्टेटमेंटच्या तारखेला जी बाकी असते ती कळवते. स्टेटमेंट निघायच्या तीनचार दिवस आधी पैसे भरा, पुढच्या महिन्यात फरक दिसेल. या सगळ्या खटाटोपात सगळ्यात लवकर सुधारणारी गोष्ट हीच. मग 'कलेक्शन्स'. इर्विंगचं काही असेल तर इथे.

आणि अजून एक, नवऱ्याला विचार की त्याने कधी क्रेडिट फ्रीझ केलं होतं का. कुठल्यातरी कंपनीचा डेटा लीक झाला म्हणून पत्र येतं, आपण शहाणपणा करून फ्रीझ करतो आणि विसरून जातो. फ्रीझ असलं की घरमालकाला रिपोर्ट उघडत नाही आणि काही सिस्टिम्स 'माहिती मिळाली नाही' म्हणून अर्ज तसाच अडवतात किंवा नाकारतात. फ्रीझ करणं-काढणं २०१८ पासून फुकट आहे, ऑनलाईन किंवा फोनवर सांगितलं तर तासाभरात काढावं लागतं. अर्ज करायच्या दिवशी काढायचं, आठवड्याने परत लावायचं.

चुकीचं काही सापडलं तर डिस्प्यूट (लेखी तक्रार) टाका, ज्या कंपनीच्या रिपोर्टमध्ये चूक आहे तिच्याकडेच आणि ज्या बँकेने किंवा एजन्सीने ते कळवलं तिच्याकडेही. साधारण ३० दिवसांत त्यांना तपासून उत्तर द्यावं लागतं, काही बाबतीत ४५. आता जुलै लागलाय म्हणजे ऑगस्टच्या मध्यापर्यंत होईल, म्हणूनच या आठवड्यातच टाका. सोबत लीज, भाडं भरल्याचे बँक स्टेटमेंट, जुने ईमेल, जे असेल ते जोडा, नुसतं 'हे माझं नाही' लिहून चालत नाही.

तुझ्या स्वतःच्या क्रेडिटबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, फक्त सिबिल सांगितलास. ७९० खूप छान आहे पण तो भारतातला, ९०० पैकी, आणि तो आपोआप इकडे येत नाही. सिबिल ही ट्रान्सयुनियनचीच कंपनी असली तरी इथल्या ट्रान्सयुनियनला तुझं नाशिकचं होम लोन दिसत नाही. लीझिंग ऑफिसच्या सिस्टिमला सिबिलचा प्रिंटआउट कळणार नाही, एकट्यादुकट्या घरमालकाला जोड म्हणून दाखवलास तर हरकत नाही, त्याच्या भरवशावर राहू नकोस. नवीन आलेल्यांचा भारतातला रिपोर्ट वाचून कार्ड देणारे काही आहेत, अमेरिकन एक्सप्रेस तसं करतं, ते तू नंतर बघ, या घरासाठी त्याचा उपयोग नाही. तुझं ईएडी यावर्षी आलं म्हणजे एसएसएनही (सोशल सिक्युरिटी नंबर) आत्ताच मिळाला असेल, कार्ड घेतलं असशील तर त्याला सहा महिने झाल्याशिवाय फायको स्कोअर तयारच होत नाही. तेव्हा तुझा रिपोर्ट 'नो स्कोअर' आला असेल आणि अर्जात दोघं अर्जदार आहात म्हणून सिस्टिमने त्यावरूनही नाकारलं असेल, ही दुसरी शक्यता. स्कोअर नसणं म्हणजे वाईट असणं नाही, पण कॉम्प्लेक्सला आधीच विचारायचं की एकाचा स्कोअर नसेल तर तुम्ही काय करता. काही जण दोघांपैकी कमावत्याचा धरतात, काही दोघांनाही असावा म्हणतात. काही ठिकाणी तुला अर्जदार न करता 'ऑक्युपंट' (नुसतं राहणारं माणूस) म्हणून लावता येतं, मग तुझं क्रेडिट सहसा बघत नाहीत, पण लीजवर तुझं नाव राहत नाही आणि उद्या काही झालं तर घरावर तुझा हक्क कमी राहतो, मला स्वतःला ते आवडत नाही. अगदीच गत्यंतर नसेल तर. दरम्यान नवऱ्याच्या जुन्यात जुन्या, वेळेवर भरलेल्या कार्डावर तुला ऑथराइज्ड यूजर (जोड-वापरकर्ता) करून घे, त्या कार्डाचा इतिहास बहुतेक तुझ्याही रिपोर्टमध्ये येतो.

तीन महिन्यांच्या डिपॉझिटवाल्याला नाही म्हण. न्यू जर्सीत सिक्युरिटी डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेताच येत नाही, २,८०० भाडं असेल तर ४,२०० च्या वर नाही. तो म्हणेल आमचं छोटं घर आहे, आम्हाला लागू नाही. घरमालक स्वतः त्याच इमारतीत राहत असेल आणि भाड्याचे दोनपेक्षा जास्त युनिट नसतील तर कायद्यात सवलत आहे हे खरं, पण तिथेही भाडेकरूने ३० दिवसांची लेखी नोटीस दिली की कायदा लागू होतो. आणि मुळात जो माणूस पहिल्याच भेटीत क्रेडिट बघणार नाही, फक्त जास्त रोख द्या म्हणतो, तो घर सोडताना ते ८,४०० किती सहज परत देईल याचा विचार कर. मला त्यात धोका दिसतो. पलीकडे न्यूयॉर्कमध्ये बघणार असाल तर तिथे डिपॉझिट एका महिन्याचंच आणि बॅकग्राउंड-क्रेडिट चेकची फी २० डॉलरच्या वर घेता येत नाही, गेल्या ३० दिवसांतला रिपोर्ट तुम्हीच दिलात तर तीही माफ. मात्र तिकडे वर्षाचा पगार भाड्याच्या चाळीसपट मागतात, २,८०० ला १,१२,०००. इकडे साधारण महिन्याचा पगार भाड्याच्या तिप्पट, म्हणजे ८,४००. नवीन जॉब असल्यामुळे पे-स्टब (पगाराच्या स्लिपा) कमी असतील, ऑफर लेटर सोबत ठेवा, कधीकधी अर्ज क्रेडिटवर नाही तर पगाराच्या कागदांवर अडतो.

क्रेडिट रिपेअरवाल्याला एक डॉलरही देऊ नका. काम करायच्या आधी पैसे घेणं हेच त्यांना कायद्याने मना आहे, आणि जे खरं आहे ते त्यांना काढता येत नाही, जे चुकीचं आहे ते तुम्ही फुकट काढू शकता. अजून एक सांगून ठेवते कारण तुम्ही घाईत आहात आणि घाईतल्या लोकांना हे बरोबर गाठतात: एखादी जाहिरात, घर सुंदर, भाडं कमी, आणि मालक म्हणतो घर दाखवायच्या आधी या लिंकवर जाऊन तुमचा स्कोअर काढून पाठवा. त्या लिंकवर जाऊ नका. २०१७ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने असंच एक प्रकरण कोर्टात नेलं, घरं नव्हतीच, लिंकवरून लोकांच्या कार्डाला दर महिन्याला २९.९४ डॉलर लागत होते.

दर अर्जाला स्कोअर पडतो का, तर ते चेक कसं करतात त्यावर आहे. सॉफ्ट चेक म्हणजे नुसती नजर टाकणं, तसा असेल तर काही नाही. हार्ड, म्हणजे रीतसर नोंद होणारा चेक असेल तर साधारण पाच पॉइंट्सच्या आत, तो रिपोर्टवर दोन वर्षं दिसतो पण फायको वर्षभरच धरतो. एकदोन झाले तर आभाळ कोसळत नाही, पण घरकर्जाचे अनेक चेक एकत्र धरतात तसं भाड्याच्या बाबतीत फायको करत नाही, म्हणून दहा ठिकाणी अर्ज टाकून बघू हा प्रकार नको.

पुढचा अर्ज करायच्या आधी फोन करून विचार, की कमीत कमी स्कोअर किती लागतो, कुठल्या कंपनीचा रिपोर्ट काढता, हार्ड की सॉफ्ट, भरून टाकलेलं जुनं कलेक्शन चालतं का, आणि नाकारलंत तर फी परत मिळते का. यांना 'रेंटल क्रायटेरिया' म्हणतात, बऱ्याच ठिकाणी छापील कागद असतो, तो ईमेलने मागव. अर्जासोबत अर्ध्या पानाचं पत्र जोडा, रडगाणं नको, नुसती माहिती: आधीच्या घराची बाकी अमुक तारखेला भरली, पत्र सोबत आहे, इर्विंगनंतर जिथे राहिलात तिथल्या घरमालकाचं वेळेवर भाड्याचं प्रमाणपत्र सोबत आहे. मोठी कॉम्प्लेक्स ऐकत नसतील तर एडिसन, आयसेलिनला स्वतःचा काँडो भाड्याने देणारे आपले भरपूर लोक आहेत, ते कागद वाचतात आणि भेटून बोलतात, तिथे हे पत्र कामी येतं.

आणि वादावादीचं म्हणशील तर सहाही रिपोर्ट एकत्र बसून वाचा, एकट्याने वाचून दुसऱ्याला सांगू नका. इर्विंगचं निघालं तर घर सोडायचा निर्णय तुम्ही दोघांनी मिळून घेतला होता हे लक्षात असू दे.

स्क्रीनिंगचा रिपोर्ट आला आणि काही कळलं नाही तर मला पाठव, पण एसएसएन, जन्मतारखा आणि अकाउंट नंबर काळे करून मगच, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तर तो मुळीच टाकू नकोस.